हाळबावीवरची दुपार

यंदाही तुरी वाळल्या. संतपूरहून बिदरला जाणाऱ्या सकाळच्या बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची रानं तपकिरी दिसू लागली की मी नकळत कान देते. बसच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, तरी देते. वाळलेल्या तुरीच्या ओळींतून वारा गेला की शेंगा खुळखुळतात. लहानपणापासून मी त्या आवाजातच वाढले, पण त्याकडे माझं लक्ष गेलं ते मागच्या वर्षी. याच दिवसांत मी बांधावर मोबाइल पुढे धरून, श्वास रोखून तुरीचा आवाज रेकॉर्ड करत उभी होते आणि शेजारच्या रानातली गंगूमावशी तिच्या सुनेला सांगत होती, "शिकून शिकून पोरगी तुरीसंगं फोनवर बोलायलीय बघ."

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. शेंगांच्या मागे मावशीचं ते वाक्यही स्वच्छ ऐकू येतं.

आम्ही भयपटाचा ट्रेलर करत होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी पत्रकारिता हा विषय घेतला होता. त्यात तिघातिघांच्या गटानं, अस्तित्वातच नसलेल्या एका भीतीदायक सिनेमाचा दोन मिनिटांचा ट्रेलर तयार करायचा होता. आमच्या सरांचा सगळा भर नियोजनावर आणि संशोधनावर. कोण बघणार, कशानं घाबरणार, जागा कोणती, वेळ कोणती, आवाज कोणता, हे सगळं आधी वहीत आलं पाहिजे. तो आराखडा वर्गासमोर मांडायचा आणि मंजूर झाला तरच कॅमेऱ्याला हात लावायचा.

घरी हे समजावून सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अप्पा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शाळेत गेले. आज्याच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. अप्पांनी ती सोडून शेती धरली. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी आणि लोकांच्या रानातली मजुरी. कॉलेजातलं काहीही मी सांगितलं की ते आधी पूर्ण ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, पण तो असा असतो की माझी वही अपुरी पडते.

"आन् सिनेमा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"सिनेमा नाही अप्पा. नुसता ट्रेलर."

"म्हंजी लगीन न्हाई, नुसती पत्रिका."

"व्हय."

"आन् पत्रिकेत भूत." ते आईकडे वळून म्हणाले, "ऐकलीस का? कॉलेजात भुताचं शिकवायलेत."

आमच्या गटात शरणू होता, हुमनाबादकडचा, घरी कन्नड बोलणारा. बोलायला उभा राहिला की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. निखत बिदर शहरातली. तिच्या फोनचा कॅमेरा सगळ्यांत चांगला आणि व्हिडिओ कापायचं, जोडायचं ती स्वतःच शिकली होती. तिसरी मी. शरणू म्हणाला, "संशोधन ज्योतीला द्या, ती वहीत नीट लिहिते." ते खरं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला होता. जिला बोलता येत नाही तिला वही द्यायची. मी वही घेतली. मला तेव्हा खरंच वाटत होतं की वहीमागे बसून वर्ष काढता येईल.

पहिलं काम दुसऱ्यांचे ट्रेलर बघायचं. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही कितीतरी बघितले. निखतनं एक युक्ती काढली, आवाज बंद करून बघायचं. बघता बघता तिला हसू आवरेना. "आवाज बंद कर को देखी तो हँसी आरी, डर नै लगरा," ती म्हणाली. मग मी उलट केलं. फोन पालथा ठेवला आणि नुसता आवाज ऐकला. तेव्हा भर दुपारी, पायऱ्यांवर एवढी माणसं असताना, अंगावर काटा आला. मी वहीत लिहिलं, भीती कानातून येते. खाली लिहिलं, भूत दिसतं तेव्हा भीती संपते; ते दिसायच्या आधीचा क्षण महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी तो क्षण बंद दाराचा होता. दार हळूहळू उघडतं, करकरतं. इथे मी अडले. आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असतं. गल्लीतली सगळीच दारं उघडी असतात. दिवसा कुणी दार लावून घेतलं तर लोक काळजीनं विचारायला येतात. बंद दाराची भीती आम्हाला कुठून वाटणार?

म्हणून प्रश्नावली काढली. सरांनी दिलेला नमुना कन्नडमध्ये होता, मी गावासाठी तो मराठीत केला. मुख्य प्रश्न एकच: तुम्हाला कशाची भीती वाटते? खाली दोन ओळींची मोकळी जागा. दोन शनिवार-रविवार मी घरोघरी फिरले. आता ते कागद चाळताना वाटतं, आयुष्यात एवढी धीट मी आधी कधीच नव्हते. ओळखीच्याच माणसांना असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर ती आपसांतही देत नाहीत.

गंगूमावशी म्हणाली, "मला सुनंची वाटती." सून आतून म्हणाली, "लिही ज्योती, आमची बी लिही, सासूची." हैदराबादला कामाला जाऊन आलेल्या एका दादानं सांगितलं की त्याला लिफ्टची भीती वाटते. दार मिटतं आणि आतली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, ते त्याला सहन होत नाही. एका म्हाताऱ्या बाईनं मलाच विचारलं, "तुला कामून पाहिजे हे? तुला कशाची भीती वाटायलीय?" मी तिच्या समोर बसून खरं उत्तर दिलं, "वर्गात उभं राहून बोलायची." ती म्हणाली, "मग बसून बोल की."

एक गोष्ट मात्र अनेकांच्या उत्तरांत आली. रात्रीचं नाव कुणीच घेतलं नाही. ते सगळे म्हणाले, भर बाराचा टाइम. डोक्यावर ऊन, रानात चिटपाखरू नाही, सावली पायाखाली आलेली. त्या वेळी एकट्यानं पाण्यापाशी जाऊ नये. मी ते ठळक अक्षरांत लिहिलं. वेळ ठरली.

आता जागा. मी आमच्या शिवारातल्या चार जागांची नावं लिहून शरणूकडे दिली. त्यानं पहिली तीन वाचून सोडली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "हाळबावी? ज्योती, खरंच आहे अशी?"

"आहे की. आमच्या रानाला लागूनच."

"आणि तू हे शेवटी लिहिलंस?"

त्याला एवढा आनंद का झाला ते मला कळलं नाही, पण मीही आनंदले. पुढच्या तासाला त्यानं आराखडा वर्गासमोर कन्नडमध्ये मांडला. खचलेले काठ, आत वाढलेलं झुडूप, वटवाघळं, वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेली माणसं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. आमच्या विहिरीत वटवाघळं नाहीत हे मला माहीत होतं, पण मला वाटलं, कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच असावी. सरांनी आराखडा मंजूर केला. वर्गानं बाकं वाजवली.

पुढच्या रविवारी दोघं जागा बघायला आले. संतपूरला उतरून, करडईच्या शेतांमधून चालत आम्ही हाळबावीवर पोचलो. नुकतीच थ्री-फेज लाइट आली होती. मोटार सुरू होती. पाइपातून पाणी धो धो कुंडीत पडत होतं. दोन म्हशी, एक गाय आणि तिचं वासरू पाणी पीत होती. एक मावशी दगडावर वाकळ आपटत होती आणि कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. शरणू ट्रायपॉड खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

"इदेना हाळबावी? हीच?"

"हीच की."

"मग हाळ कुठाय?"

मी कुंडीकडे बोट दाखवलं. "ही काय."

त्यानं कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ज्योती, हाळ म्हणजे ओसाड. पडकं, मोडकं. हाळबावी म्हणजे पडकी विहीर."

"ते कन्नडात. आमच्यात हाळ म्हणजे जनावरांनी पाणी प्यायची दगडी कुंडी."

निखत हाळीच्या काठावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "भूत के बदले भैंस निकली रे शरणू."

वाकळवाली मावशी थांबून म्हणाली, "कामून हसायलीत पोरंहो? म्हशी कधी बघितल्या न्हाईत व्हय?"

मला कन्नड येतं. पहिलीपासून शिकले आहे. हाळ म्हणजे ओसाड हेही मला माहीत होतं. पण घरातल्या शब्दाकडे दुसऱ्या भाषेतून कोण बघतं? हाळबावी हे नाव मी मराठीतच ऐकलं, मराठीतच बोलले, आणि त्यातली बावी कन्नडची आहे हेसुद्धा त्या दिवशीच पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. खरं म्हणजे त्या विहिरीला नाव कुणी दिलं हे गावात कुणालाच सांगता येत नाही. कदाचित एके काळी ती खरंच पडकी असेल आणि कन्नड बोलणाऱ्यांनी तिला तसं म्हटलं असेल. मग मराठी बोलणारे आले, त्यांनी नाव ऐकलं, हाळ शोधली, सापडली नाही म्हणून बांधून टाकली. मला हा विचार फार आवडतो. ऐकण्यातल्या चुकीतून दगडाची कुंडी उभी राहिली आणि गावची जनावरं इतकी वर्षं तिच्यातून पाणी प्याली.

त्या रविवारी मात्र असं काही सुचत नव्हतं. आराखडा तर पडक्या विहिरीचा मंजूर झाला होता. जागा बदलली तर मंगळवारपर्यंत नवा आराखडा मांडायचा आणि तो पटला नाही तर गट मोडून तिघांना तीन गटांत वाटायचं, असा सरांचा नियम. परतीच्या बसची वाट बघताना शरणू म्हणाला, "मी पुन्हा उभा राहणार नाही. एकदा वटवाघळं सांगून झालीत. गाव तुझं, शब्द तुझा. मंगळवारी तू बोल." तो रागावला नव्हता, थकला होता. मला दुसऱ्या कुठल्याही गटानं घेतलं असतं, हे मला माहीत होतं. वही लिहायला.

संध्याकाळी खळ्यावर अप्पा तूर बडवत होते. शेंगा फुटत होत्या, भुस्कट उडत होतं आणि पिवळ्या उन्हात ते अप्पांच्या भुवयांवर बसत होतं. मी प्रश्नावलीचा शेवटचा कागद घेऊन गेले. सगळ्या गावाला विचारलं होतं, फक्त घरी विचारायचं राहिलं होतं.

"अप्पा, तुमाला कशाचं भ्या वाटतं?" घरात मी घरच्यासारखीच बोलते.

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. मला वाटलं, काहीतरी गमतीचं बोलतील. ते तुराट्यांच्या ढिगावर बसले आणि पायाला लागलेलं भुस्कट झाडत राहिले.

"जनावर पाण्याला तोंड लावंना झालं की भ्या वाटतं," ते म्हणाले.

मग त्यांनी पाखऱ्याचं सांगितलं. पाखऱ्या आमचा आधीचा बैल. मी दहावीला होते, शाळेसाठी औरादला आत्याकडे राहत होते, तेव्हा तो गेला. मला एवढंच माहीत होतं. अप्पा त्याला भर बाराला हाळीवर घेऊन गेले. आमच्याकडे जनावराला पाणी पाजताना शीळ घालतात. हलकी, एका लयीत. शीळ ऐकली की जनावर निवांत पितं. पाखऱ्यानं मान खाली घातली, पाण्याजवळ नाक नेलं आणि तशीच मान वर उचलली. अप्पा शीळ घालत राहिले. त्यानं पुन्हा मान खाली घातली, पुन्हा उचलली. "तिसऱ्यांदा त्यो पाण्याकडं बघंनाच," अप्पा म्हणाले. "माज्या मागं बघाय लागला. मागं कुणी नव्हतं. शीळ घालता घालता माजं तोंड कोरडं पडलं. मग शीळच फुटंना." तिसऱ्या दिवशी पाखऱ्या गेला. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं होतं, अप्पांच्या ते लक्षात नव्हतं.

मी ते सगळं लिहून घेतलं. दोन ओळींची जागा संपली, मी कागदाच्या मागे लिहीत गेले.

मंगळवारी मी उभी राहिले. त्या म्हातारीचं बोलणं आठवलं आणि मी सरांना विचारलं, "सर, मी बसून बोलू का?" वर्ग हसला. सर म्हणाले, "बोला." मी टेबलाच्या कडेला बसले आणि मोडक्या कन्नडमध्ये, जिथे अडेल तिथे मराठीत, सांगितलं. लख्ख ऊन. बारा वाजलेत. दगडी हाळ पाण्यानं भरलेली. शेंगांचा खुळखुळ आवाज. एक माणूस दिसत नाही, फक्त त्याची शीळ ऐकू येते. बैल पाण्याजवळ तोंड नेतो आणि पीत नाही. शीळ चालू आहे. बैल पुन्हा मान खाली घालतो, पीत नाही. शीळ जोरात होते. बैल मान उचलून माणसाच्या मागे बघतो. शीळ थांबते. काळा पडदा, आणि त्यावर नाव: हाळ. मराठीतही तेच, कन्नडमध्येही तेच.

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या भालकीच्या एका मुलीनं ओठ घट्ट दाबून धरले होते. सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "नोडम्मा, हे बघ, यात भूत कुठे आहे?"

"नाही सर."

"नकोच," ते म्हणाले आणि सही केली.

त्या दिवशी मी कॉलेजच्या गेटमधून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं, माझी उंची वाढली आहे. हे मी जरा लाजत लिहिते आहे, पण खरं आहे. माझ्याकडे जे होतं ते वर्गात कुणाकडेच नव्हतं. महागडे कॅमेरे, चेहऱ्याला लावायचे रंग, कशाची गरज पडली नव्हती. मला फक्त माहीत होतं, हाळीवरची शांतता म्हणजे काय. त्याबद्दल मला आजही शंका नाही.

बस संतपूरच्या जवळ येऊ लागली तसं ते उंच वाटणं ओसरलं. मला माहीत होतं असं मी म्हणत होते, पण ते माहीत होतं अप्पांना. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. लेकीनं विचारलं म्हणून सांगितलं, आणि लेकीनं दोन दिवसांत ते चाळीस पोरांसमोर मांडून वर सही घेतली. प्रश्नावलीच्या तळाशी एक ओळ छापलेली होती, ही माहिती केवळ अभ्यासासाठी वापरली जाईल. अप्पांना ती ओळ मी वाचून दाखवली नव्हती. घरच्या माणसाला काय वाचून दाखवायचं, असं वाटलं होतं. अप्पा नाही म्हणाले, तर मी सरांकडे जाऊन आराखडा परत घेणार होते. गट मोडला तरी चालेल, हे मी बसमध्येच ठरवलं. ठरवणं सोपं होतं. विचारणं अवघड होतं.

ते ओसरीवर बसून कासरा वळत होते. मी सगळं सांगितलं.

"त्ये पाखऱ्याचं हाय व्हय तुमच्या खेळात?"

"व्हय. त्याचं नाव नाही घेतलं मी. तुमचं बी नाही."

"मी तुला सांगितलं, ते तू मास्तरला सांगितलंस."

"व्हय अप्पा."

"मास्तर हसला का?"

"नाही. कुणीच हसलं नाही."

त्यांनी कासऱ्याला एक पीळ दिला, उलगडला, पुन्हा दिला. मी म्हणाले, "तुमी नको म्हणालात तर नाही करणार. उद्याच सांगते सरांना." ते उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवस त्या विषयावर काही बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर तुरीचं बोलले, पावसाचं बोलले, औरादच्या बाजाराचं बोलले. मी सरांसाठी अर्ज लिहून दप्तरात ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले तेव्हा ते वानेऱ्याला धूत होते. वानेऱ्या आमच्या जोडीतला आताचा देवणी बैल, अंग पांढरं आणि तोंड काळं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जनावर तहानलेलं ठिवून पाण्यावरनं वढायचा इचार असंल तर जमणार न्हाई. सांग तुज्या त्या हुमनाबादच्या पोराला."

"मग तो पाणी न पिता कसा..."

"घरी पाजून न्यायचा. पोट भरलेला बैल नुसता वास घेतो, पेत न्हाई. एवढं बी ठाव न्हाई, आन् सिनेमा काढायलेत." त्यांनी वानेऱ्याच्या पाठीवर पाणी ओतलं. "आन् शीळ मीच घालणार. दुसऱ्याच्या शिळंला त्यो वळखत न्हाई."

त्या ट्रेलरचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. आमचा पहिला नंबर आला नाही. तो एका गटाला मिळाला, त्यांनी आरशात चेहरा बदलताना दाखवला होता आणि तो खरंच छान होता. आमचा लागला तेव्हा शहरातल्या पोरांनी विचारलं, "मग पुढे काय होतं?" औराद, भालकी, चिंचोळीकडून येणाऱ्यांनी काही विचारलं नाही. अप्पांनी तो माझ्या फोनवर एकदा बघितला. पुन्हा लावू का म्हटलं, तर नको म्हणाले. या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गात उभी राहून बोलते. कधी कधी अजूनही बसून. सर आता नवीन मुलांना सांगतात, आधी घरच्यांना विचारा. त्यांना ते कुठून सुचलं ते मला माहीत आहे.

त्या दुपारचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.

ते खरं चित्रीकरण नव्हतंच, नियोजनातली चाचणी होती. ऊन कुठून येतं, कॅमेरा कुठे ठेवायचा, बैल किती वेळ थांबतो, एवढंच बघायचं होतं. अप्पांनी सकाळी घरी वानेऱ्याला पोटभर पाणी पाजलं होतं. बाराच्या सुमाराला मोटार बंद होती आणि हाळीतलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. निखत कुंडीच्या पलीकडे पोटावर पालथी पडून फोन धरून होती. शरणू हात वर करून बाजूला उभा. त्यानं हात खाली केला की शीळ थांबवायची, असं ठरलं होतं. मी अप्पांच्या डाव्या बाजूला, सावलीही कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

अप्पांनी शीळ सुरू केली. वानेऱ्यानं सवयीनं मान खाली घातली, पाण्याचा वास घेतला, आणि वर उचलली. काळ्या तोंडावरून पाण्याचे थेंब ओघळून हाळीत पडले, त्यांचा आवाज आला. अप्पांची शीळ चालू होती. पुन्हा मान खाली गेली, पुन्हा वर आली. शरणूचा हात अजून वरच होता आणि शीळ थांबली. मी वळून बघितलं. अप्पांचे ओठ तसेच गोल होते, शीळ घालत असल्यासारखे, पण आवाज येत नव्हता. आम्ही जे वहीत लिहिलं होतं ते जसंच्या तसं घडलं होतं आणि मला ते नको होतं.

शरणूनं हात खाली घेतला. 'कट' म्हणाला नाही. निखत उठून कपडे झटकत हळूच म्हणाली, "हो गया, अंकल."

"झालं?" अप्पांनी विचारलं. त्यांनी वानेऱ्याचा कासरा सैल सोडला. "तुमचं झालं. आता ह्यानं पाणी पेल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई. तुमी जावा."

"काका, त्याचं पोट भरलंय," शरणू म्हणाला. "आता तो संध्याकाळपर्यंत पिणार नाही."

"मग संध्याकाळपतूर बसू की."

आम्ही कुणीच गेलो नाही. कडूलिंबाच्या तुटपुंज्या सावलीत चौघं बसलो. निखतनं डबा उघडला, अप्पांनी आमच्या भाकरीतली अर्धी तिला दिली. शरणू अप्पांना बैलाचे दात कसे मोजतात ते विचारत राहिला. त्याला काही त्यात रस नव्हता, पण त्यानं विचारलं, आणि अप्पा सांगत राहिले. वानेऱ्या बांधावरचं वाळलेलं गवत ओढत होता. सावली आमच्या पायांवरून सरकून हाळीपर्यंत गेली. मोटार सुरू झाली, बंद झाली. बिदरची चारची बस वळणावर हॉर्न देऊन गेली. शरणू आणि निखत दोघांनीही तो ऐकला आणि कुणी उठलं नाही. मी तुराटीच्या काडीनं मातीत रेघा ओढत होते आणि माझ्या मनात एकच होतं, पिऊ दे.

मग वानेऱ्या स्वतःच वळला. गवत सोडून, कासरा मातीतून ओढत, हाळीकडे गेला. अप्पा कुठलाही आवाज न करता उठले आणि त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी ओठ ओले केले. शीळ आधी नुसती हवा होती, मग आवाज झाली. वानेऱ्याचं काळं तोंड पाण्यात बुडलं आणि तो प्यायला लागला. एकेक घोट उतरताना गळ्याखालची लोंबती पोळी हलत होती. अप्पांनी एक हात तिच्यावर ठेवला होता, घोट मोजत असल्यासारखा.

शरणू उभा राहिला. "काका, आता निघायचं का? सहाची बस..."

अप्पांनी मागे न बघता दुसरा हात वर केला.

"गप रे," ते म्हणाले. "अजून प्यायलाय."